सात घरांची शाळा

मांजरी आपली पिले सात घरी फिरविते, असे आपण म्हणतो. कासारवाडीत रुळांलगतच्या आमच्या चाळीत मात्र तिने ती जिन्याखालीच वाढविली. आणि शिवलेली पिले मांजरी टाकते या ऐकीव समजुतीने मी दोन महिने त्यांना हात लावला नाही. (समजुतीआड माझा आळसही सुखाने लपला होता!) पुढे वाचनात आले, की पिलांना माणसाचा लळा लागतो तो मुख्यत्वे दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. ऑस्ट्रेलियातील केर्स्टी सेक्सेल या पशुवैद्य विदुषींनी तर पिलांची बालवाडीच काढली. परकी माणसे, प्रवासाची पेटी, औषधाची गोळी यांची भीती तेथे खेळता खेळता मोडते.

त्यांतले एक पिलू मी घरात आणले, त्याला आता वर्ष झाले. लोकल धडधडत गेली तरी ते कानही हलवीत नाही. मी हात पुढे केला, की कपाटाखाली शिरते.