आकाशातली होडी

आमच्या ओटाहुहुला पूर्वेची तामाकी खाडी आणि पश्चिमेचं मानुकाऊ बंदर यांच्यात जेमतेम सव्वा किलोमीटर जमीन आहे. पूर्वी माओरी लोक इथून होड्या ओढत नेत. माओरीत होडीला म्हणतात ‘वाका’. हा शब्द पुन्हा भेटला तो सुमारे साडेतीनशे किलोमीटर दक्षिणेला, रुआपेहूच्या बर्फात!

साताऱ्याहून आई आली होती. गुडघ्यांनी संप पुकारलेला, पण हट्ट एकच, बर्फ हातात घ्यायचा. तिथलं १९२९ सालचं ‘शातो टोंगारिरो’ हे आलिशान हॉटेल फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झालं, त्यामुळे त्याचा थाट बाहेरूनच पाहिला. फाकापापाच्या उतारावर तरुण मंडळी स्कीवर सुसाट सुटली होती. आईसाठी होती २०१९ साली सुरू झालेली ‘स्काय वाका’ गोंडोला, म्हणजे आकाशातली होडी. काचेच्या डब्यातून १.८ किलोमीटरचा प्रवास, आणि वर दोन हजार मीटरवर गरम कॉफी!

वाटेत तिला सांगितलं, की तुफारेतोआ जमातीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी १८८७ साली ही पवित्र शिखरं देशाला दिली, ती विकली जाऊ नयेत म्हणून.

“मग देवाचाच डोंगर की रे!” आई म्हणाली. वर पोहोचल्यावर तिने आधी बर्फाला नमस्कार केला, मगच मूठभर उचलला. आजूबाजूला महागड्या स्की घेतलेले लोक बघत राहिले.

मंडळी, आईवडील आले की जरूर न्या. फक्त वाऱ्याचा अंदाज बघून निघा. वारा जोराचा असला की होडी बंद!