चित्रांतले बाबासाहेब

नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या मुलाच्या हाती आपण जाडजूड चरित्र देतो. चार पानांत ते मिटले जाते. अकोले येथील आमच्या घरी वाचनाची गोडी लागली ती चित्रकथेमुळे.

अनंत पै यांनी १९६७ साली ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. या मालेत १९७९ साली ‘बाबासाहेब आंबेडकर’ आले. चित्रे दिलीप कदम यांची. त्याच वर्षी १४ एप्रिलला शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा पहिला खंड काढला, संपादक वसंत मून. खंड मोठ्यांसाठी, चित्रकथा पोरांसाठी.

महाडच्या तळ्याचे चित्र पाहून आमच्या धाकटीने विचारले, “पप्पा, पाण्याला काय माहीत कोण कुठल्या जातीचं?” माझ्या दहा भाषणांनी जे झाले नसते, ते एका चित्राने झाले.

आता या जुन्या कथा तीन-तीन, पाच-पाच एकत्र बांधूनही विकतात. वाचनालयाला ते सोयीचे. पण रोजंदारीच्या घरातून एकदम एवढे पैसे निघत नाहीत. शिवाय जाड पुस्तक एकाच मुलाच्या हाती अडकते. सुट्या पाच कथा पाच मुले एकाच वेळी वाचतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेली आपली माणसे पोटाला चिमटा घेऊन पुस्तके आणतात. त्यात मुलांसाठी एक सुटी चित्रकथा असावी. जयंतीच्या वर्गणीतून थोडे पैसे काढून विहारातही संच ठेवावा. कपाटाला कुलूप मात्र नको. पाने फाटतील, तर खळ लावून चिकटवू.