कोरी जागा

माझ्या डोंबिवलीच्या घरात, ज्या भिंतीवर उन्हाची तिरीप वर्षातून एकदाही पोहोचत नाही अशा भिंतीवर, तीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच असा एक जाड पुठ्ठा चौकटीत बसवून लावलेला आहे. त्यावर पोस्टर कलरने रंगविलेली एक स्त्री वादळात सापडलेल्या गलबताकडे पाठमोरी उभी असून मान वळवून पाहणाऱ्याकडे पाहते आहे, आणि तिच्या पायांखाली, चित्राच्या तळाशी, वीतभर उंचीचा एक सपाट, गडद, निर्विकार पट्टा आहे, ज्यावर काहीही लिहिलेले नाही. हे एका हिंदी चित्रपटाच्या पोस्टरचे मूळ चित्र. तो चित्रपट कोणता, हे पन्नास वर्षांत मला कळलेले नाही.

या वस्तूचा आणि माझा संबंध कल्याणात जडला. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, तेथील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कचेरीतून घरी येण्याच्या त्यांच्या वाटेवर एका चित्रपटगृहाच्या मागचे आवार लागे. त्या आवारात पत्र्याच्या छपराखाली एक वयस्क पेंटर, दोन पोऱ्यांच्या साहाय्याने, दर आठवड्याला दहा-बारा फूट उंचीचे बॅनर रंगवीत असे. अण्णांना बोलावून आणण्याच्या मिषाने मी तेथे तासन् तास उभा राही. कापडावर प्रथम सरस मिसळलेल्या पांढऱ्याचा हात फिरे. मग हातातल्या छोट्या छायाचित्रावर आखलेल्या चौकटींच्या हिशेबाने कापडावर मोठ्या चौकटी पडत. आणि मग ते निळे, जांभळे, गुलाबी फटकारे, जे जवळून पाहता केवळ डाग वाटत आणि रस्त्याच्या पलीकडून पाहता एखाद्या नायिकेचा गाल होऊन उजळत. अक्षरे मात्र पेंटरकाका पोऱ्यांकडे कधी सोपवीत नसत, आणि त्याचे कारण त्यांनी एकदा मला सांगितले होते: “बाळ, तोंडं बघून माणूस थांबतो, पण तिकीट काढतो तो नाव वाचून.”

गुरुवारी रात्री त्याच कापडावर पुन्हा पांढरा हात फिरे. शुक्रवारच्या नव्या चेहऱ्याखाली असे किती चेहरे गाडले गेले, याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. आणि एवढ्या कौशल्याने काढलेली वस्तू पुसण्यासाठीच काढलेली असते, ही जाणीव त्या वयात मला जी बोचली ती अद्याप बोथट झालेली नाही.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. आज ज्यांचे अस्तित्व ज्ञात आहे अशा भारतीय चित्रपटांच्या पोस्टरांमध्ये सर्वांत जुने मानले जाणारे पोस्टर आमच्याच गावाचे नाव मिरविते. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘कल्याण खजिना’ हा तो 1924 चा मूकपट, आणि त्याचे कर्ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता ज्या पुरुषाने कॅमेरा हाती घेतला, त्याच्या उपनावाच्या जागी व्यवसायाचे नाव येऊन बसावे, यात मला त्या काळाने चित्रकलेला दिलेली फार मोठी सनद दिसते. पुढे त्याच कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी ‘मुघल-ए-आझम’ची भव्य चित्रे रंगविली, आणि शिवछत्रपतींचे त्यांनी काढलेले चित्र महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. सिनेमाची चित्रे काढणारा हा हात दुय्यम प्रतीचा नव्हता, हे आणखी किती पुराव्यांनी सिद्ध करावे? मकबूल फिदा हुसेन यांनीही मुंबईतले आरंभीचे दिवस सिनेमाचे फलक रंगवूनच काढले होते.

1974 च्या सुमारास पेंटरकाकांनी डोळ्यांच्या विकारामुळे काम सोडले. निरोप घ्यायला मी गेलो तेव्हा आवारातल्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून एक पुठ्ठा ठेवलेला होता. तो उलटून त्यांनी माझ्या हाती दिला, आणि त्यावर ही स्त्री होती. मुंबईच्या कोणा छापखान्यातून, काम झाल्यावर टाकून दिलेला, तो त्यांच्याकडे आला होता. त्याच दिवशी मला त्या कोऱ्या पट्ट्याचा उलगडा झाला. मूळ चित्रात नाव लिहीत नसत. ते वेगळ्या पारदर्शक कागदावर लिहून चित्रावर पांघरीत, म्हणजे त्याच चित्रावर हिंदी, इंग्रजी, उर्दू अशी हवी ती अक्षरे चढविता येत. छपाई झाली की पांघरूण एकीकडे जाई, पुठ्ठा दुसरीकडे, आणि दोघांची पुन्हा गाठ पडण्याची तजवीज कोणीच करीत नसे.

ठाण्याला नौपाड्यात आम्ही बिऱ्हाड केले तेव्हा एवढे चित्र लावण्याजोगी भिंतच त्या खोलीत नव्हती, म्हणून ती स्त्री सात वर्षे खाटेखाली राहिली. अण्णा एकदा राहावयास आले असता त्यांनी, सेवानिवृत्तीनंतरही न सुटलेल्या सवयीने, आमच्या चीजवस्तूंची यादी केली; तीत ‘चित्र पुठ्ठ्यावरील, नग 1’ अशी नोंद करून त्यांनी मला नाव विचारले, आणि मला ते सांगता आले नाही. मला वाटते, माझ्या संग्राहकपणाचा आरंभ त्या प्रश्नात आहे. त्यानंतर मी रविवारची लोकल धरून मुंबईला चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर जाऊ लागलो, पुस्तके चाळू लागलो, एस. एम. पंडितांची मांसल, तेजःपुंज कांती आणि ‘दीवार’सारख्या चित्रपटांसाठी दिवाकर करकरे यांनी सुरीने ओढलेले तैलरंगांचे जाड थर यांतला भेद ओळखू लागलो. छापील पोस्टरे मिळत. मूळ चित्रे क्वचित. चाळीस वर्षांत माझ्याजवळ अकरा जमली.

लंडनच्या एका लिलावाची सूची एका परिचिताने मला आणून दिली, तेव्हा तेथेही हीच कथा घडल्याचे आढळले. इंग्लंडातील पोस्टरही तीस बाय चाळीस इंचांचेच, परंतु आडवे. त्याला तेथे ‘क्वाड’ म्हणतात. टॉम चँट्रेल नावाच्या चित्रकाराने 1930 नंतरच्या दशकांत अशी शेकडो पोस्टरे रंगविली, ‘स्टार वॉर्स’चे ब्रिटिश पोस्टर त्याचेच, आणि ज्या मूळ चित्रांना जाहिरात कचेऱ्यांत एके काळी कोणी वाली नव्हता, त्यांवर आज संग्राहक बोली लावतात. त्या सूचीतील एका छायाचित्रात चित्राच्या कडेला शिसपेन्सिलीच्या खुणा दिसत होत्या, आणि त्या पाहून मी खाटेखालचा पुठ्ठा पहिल्यांदाच कडेकडेने, भिंगाखाली वाचला.

खुणा होत्या. तरीही, डोंबिवलीला घर झाल्यावर, तो मी विश्वासाने एका चौकटवाल्याकडे दिला, ती माझ्या आयुष्यातली एक मोठी चूक ठरली. तयार चौकटीच्या मापात बसावा म्हणून त्याने पुठ्ठ्याच्या तळाची दोन बोटे रुंदीची कड पातीने उतरवून टाकली होती. त्याला तो कचरा वाटला, यात त्याचा दोष किती धरावा हे मला ठरविता येत नाही. मी मात्र दुकानाच्या पायरीवर बसून कातरणांचे पोते उपसले आणि अर्धी कड शोधून काढली. उरलेली गेली, ती गेलीच. तिच्यावर, मला तेव्हा न लागलेल्या खुणांत, कदाचित तारीख होती, कदाचित सही.

मिळालेली अर्धी कड मी पारदर्शक पाकिटात घालून चौकटीच्या मागे ठेवली आहे. पावसाळ्यानंतर बुरशी तपासण्यासाठी चौकट उतरवितो तेव्हा ती बाहेर काढतो. अक्षरे लिहिणाऱ्या पुढच्या माणसासाठी चित्र काढणाऱ्याने घाईघाईत केलेली ती सूचना आहे, मोडीच्या वळणाच्या देवनागरीत, आणि अजून स्पष्ट वाचता येते: ‘अक्षर पिवळे. सावली डावीकडे. नावाला जागा पुरती ठेवली आहे.’