अदिस अबाबात किती वाजले?

अदिस अबाबा,
११ सप्टेंबर २०२४
(येथील गणनेप्रमाणे मस्करम १, २०१७)

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

पुण्यात सकाळचे साडेनऊ होतात तेव्हा अदिस अबाबात किती वाजलेले असतात, हा आपल्या पत्रातील प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. कारण विमानतळावरील फलक त्या वेळी सात दाखवीत असला, तरी बाहेरचा टॅक्सीचालक अम्हारिक या येथील राजभाषेत ‘एक वाजला’ असेच सांगतो, आणि आपले घड्याळ बिघडले की कान, हे नवागताला कळेनासे होते. येथे तास मध्यरात्रीपासून नव्हे, तर उजाडल्यापासून मोजतात: सूर्योदयानंतर तासाभराने एक, माध्यान्ही सहा, दिवस मावळताना बारा, आणि तेथून रात्रीचे बारा तास पुन्हा नव्याने. विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम ९ अंशांवर वसलेल्या या शहरात दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नसल्यामुळे या मोजणीत अडत काहीच नाही. सूर्योदयापासून घटिका मोजणाऱ्या आणि वारही सूर्योदयालाच बदलणाऱ्या पंचांगाच्या घरात वाढलेल्या माणसाने याचे नवल करावे, हेच खरे नवल.

सालाचेही तसेच. प्रत्येकी ३० दिवसांचे १२ महिने आणि उरलेल्या ५ किंवा ६ दिवसांचा ‘पागुमे’ हा तेरावा महिना अशी वर्षाची रचना असून, ख्रिस्ताच्या अवताराचा काळ येथील चर्चने निराळ्या गणिताने ठरविल्यामुळे सन ७-८ वर्षांनी मागे चालतो. आज ‘इंकुतताश’, म्हणजे वर्षारंभाचा सण. पावसाळा ओसरता ओसरता फुलणाऱ्या, आपल्या सोनकीच्याच कुळातील ‘अदे अबेबा’ या पिवळ्या फुलांच्या जुड्या ठिकठिकाणी दिसतात. शहराच्या नावाचा अर्थही ‘नवे फूल’ असाच असून, ते सम्राट मेनेलिक दुसरा याची राणी तैतू हिने १८८६ च्या सुमारास दिले.

थंडी मात्र अनपेक्षित. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरांवर, तर हे शहर २,३०० मीटरांच्याही वर, त्यामुळे एक जिना चढला तरी धाप लागते. टेकड्यांवर दाटलेली झाडे निलगिरीची आहेत; सरपणावाचून ओस पडू पाहणारी राजधानी जलद वाढणाऱ्या या परदेशी झाडाने तगविली. त्याला येथे ‘बाहिर झाफ’, म्हणजे समुद्रापलीकडचे झाड, म्हणतात. शतकाहून अधिक काळ लोटला, तरी नावातले पाहुणेपण काही सुटलेले नाही.

फोन करणे झाल्यास येथील दोनच्या सुमारास, अर्थात पुण्याच्या साडेदहाला, करावा.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.