किती मोठा टर्बो? काही टिपणं

डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. त्याने 1995 सालची माझदा मियाटा घेतली आहे. 1.8 लिटरचं इंजिन, दोन माणसांची जागा, छप्पर उघडणारं. "मामा, टर्बो बसवायचाय. कोणता घेऊ?" तिथल्या एका मित्राने त्याला गॅरेटचा जीटी3076आर सुचवला आहे. पाचशे एचपीपर्यंत हवा पुरवणारा टर्बो, आणि गाडीचं वजन जेमतेम हजार किलो. मी विचारलं, "तुला पाचशे हवेत का रे?" म्हणाला, "नको, पण हाताशी असलेले बरे."

ट्रकचे टर्बो उघडण्यात आणि जोडण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. डिझेल वेगळं, पेट्रोल वेगळं, पण हवेचा हिशेब दोन्हीकडे एकच. त्याच्यासाठी वहीत लिहीत गेलो, ते हे.

*

इंजिनाची ताकद म्हणजे त्याने ओढलेली हवा. पेट्रोल काय, हवं तेवढं ओतता येतं. हवा मिळवावी लागते. टर्बो धुराच्या जोरावर एक पंखा फिरवतो, आणि त्याच शाफ्टवरचा दुसरा पंखा हवा दाबून इंजिनात भरतो.

पेट्रोल इंजिनासाठी एक ठोकताळा पाठ करून ठेवावा: मिनिटाला एक किलो हवा म्हणजे सुमारे 22 एचपी. भाच्याला आधी विचारलं, किती एचपी हवेत? दोन दिवसांनी उत्तर आलं, 220. मूळ गाडी 128 ची. म्हणजे मिनिटाला 10 किलो हवा लागणार. इथून पुढचं सगळं याच आकड्यावर उभं आहे.

*

हिशेब असा. 1839 सीसीचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. 6500 आरपीएमला ते मिनिटाला सुमारे 5,980 लिटर हवा मागतं. प्रत्यक्षात सिलिंडर नव्वद टक्केच भरतो असं धरलं, तर 5,380 लिटर. एवढ्या जागेत 10 किलो हवा बसवायची, तर दर घनमीटरला 1.86 किलो घनता हवी. दाबून तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमधून ती 50 अंशांवर येत असेल, तर त्यासाठी मॅनिफोल्डमध्ये सुमारे 1.7 बार दाब लागतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा एक बार वजा केला की गेजवर दिसणारा बूस्ट राहतो 0.7.

एका पानावर मावणारं हे गणित आहे. टर्बोवर दीड-दोन हजार डॉलर घालवणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने एकदा तरी करावं.

*

टर्बोच्या नावातच त्याचं माप असतं. गॅरेटच्या जुन्या जीटी मालिकेत जीटी2554आर म्हणजे 25 मापाचा टर्बाइन, कॉम्प्रेसरचा पंखा 54 मिलिमीटर, आणि 'आर' म्हणजे बॉल बेअरिंग. 2554 साठी कंपनी 170 ते 270 एचपी सांगते, 2560 साठी 200 ते 330. 3076 चा पंखा 76 मिलिमीटरचा.

पंखा मोठा तसा तो वेग घ्यायला उशीर लावतो. 1.8 लिटरचं इंजिन 3076 ला फिरवायला लागेल, पण टॅकोमीटरचा अर्धा पट्टा ओलांडल्यावर. तोवर गाडी मूळ गाडीपेक्षाही सुस्त वाटेल. डोंगरातल्या वळणांवर माणूस जिथे गाडी चालवतो ते तीन ते पाच हजार आरपीएम कोरडेच जातील.

*

1973 साली बीएमडब्ल्यूने 2002 टर्बो आणली. 170 पीएस. कॉम्प्रेशन इतकं खाली आणलं होतं, 6.9, की टर्बो जागा होईपर्यंत इंजिन मलूल असायचं आणि मग एकदम धक्का द्यायचं. त्यात तेलसंकट आलं. सुमारे 1,670 गाड्या बनल्या आणि विषय संपला.

पाच वर्षांनी साबने 99 टर्बो विकायला काढली. 145 पीएस, म्हणजे बीएमडब्ल्यूपेक्षा 25 ने कमी. पण पेर गिलब्रांड या त्यांच्या इंजिनिअरने टर्बो मुद्दाम लहान घेतला आणि जास्तीचा धूर वळवून देणारा वेस्टगेट लावला, म्हणजे जोर मधल्या आरपीएमला मिळेल. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला ती गाडी चालवता आली. टर्बोची मोटार घरोघरी पोचली ती या लहान टर्बोच्या वाटेने.

*

रेनोचीही तीच गोष्ट. 1977 साली सिल्व्हरस्टोनला त्यांनी फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी उतरवली. सहा सिलिंडरना मिळून एक मोठा टर्बो, आणि ड्रायव्हरने पाय दाबल्यावर वाट पाहायची. 1979 मध्ये त्यांनी दोन बाजूंना दोन लहान टर्बो लावले. त्याच वर्षी 1 जुलैला दीजोंच्या फ्रेंच ग्रांप्रीत झां-पिएर झाबूयने टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय मिळवून दिला.

*

भाचा विचारतो, मग मीही दोन लावू का? त्याला टोयोटा सुप्रा आठवते. 1993 नंतरच्या त्या सुप्रात तीन लिटरच्या सहा सिलिंडरना दोन टर्बो होते आणि ते पाळीपाळीने कामाला लागत: खालच्या आरपीएमला एक, वर गेल्यावर दोन्ही. डोकं लावून केलेली रचना, पण व्हॅल्व्ह आणि नळ्यांचं जाळं मोठं. कारखान्याला ते पेलतं. चार सिलिंडरच्या गाडीला, घरच्या गॅरेजात, एकच नीट निवडलेला टर्बो बरा. पुढची पायरी हवीच असेल तर ट्विन-स्क्रोल: 1 आणि 4 नंबरच्या सिलिंडरचा धूर एका वाटेने, 2 आणि 3 चा दुसऱ्या वाटेने, म्हणजे एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही.

*

कॉम्प्रेसरचा नकाशा वाचायला शिकावं. आडव्या रेघेवर हवा, उभ्या रेघेवर दाबाचं प्रमाण (बाहेर पडणारा दाब आत येणाऱ्याच्या किती पट), आणि आत डोंगराच्या नकाशावर असतात तशी कडी. आतल्या कड्यात कार्यक्षमता सर्वांत जास्त.

डावीकडची हद्द ओलांडली की सर्ज: हवा पुढे जायच्याऐवजी उलटी ढकलली जाते, फडफड ऐकू येते, बेअरिंगवर मार बसतो. उजवीकडची हद्द ओलांडली की पंखा नुसता गरगरतो, हवा वाढत नाही, उष्णता वाढते. आपल्या इंजिनाचे बिंदू तीन हजारांपासून रेडलाइनपर्यंत मांडावेत. ते मधल्या कड्यांतून गेले तर जोडी जमली.

*

कार्यक्षमतेचा आकडा कागदावर राहत नाही, थेट हवेच्या तापमानात उतरतो. बाहेर 27 अंश, दाबाचं प्रमाण 1.8. कॉम्प्रेसर 72 टक्क्यांवर चालत असेल तर हवा सुमारे 103 अंशांवर बाहेर पडते. साठ टक्क्यांवर असेल तर 118 वर. बूस्टचा काटा दोन्ही वेळा एकच दाखवेल, पण गरम हवा विरळ असते आणि नॉकिंगच्या, म्हणजे मिश्रण अवेळी पेटण्याच्या, जवळ नेते.

103 ची हवा इंटरकूलरने 50 वर आणली, तर त्याच दाबाला सुमारे सोळा टक्के जास्त हवा मावते. इंटरकूलरचे पैसे कापून बूस्ट वाढवणं म्हणजे आजाऱ्याला पथ्य न सांगता गोळ्या वाढवणं.

*

सगळ्यात महत्त्वाचं टिपण, आणि हे मलाही उशिरा सुचलं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1,600 मीटरवर आहे. पुणे 560 वर. डेन्व्हरला हवेचा दाब 0.83 बारच्या आसपास.

इंजिनाला मॅनिफोल्डमध्ये तेच 1.7 बार हवेत. वाटेत थोडा दाब वाया जातो तो धरून, मुंबईत दाबाचं प्रमाण 1.8 पुरलं असतं, डेन्व्हरला 2.2 लागतं. गेजवर 0.7 च्या ऐवजी जवळपास 0.9 दिसावं लागतं. आणि विरळ हवेतून 10 किलो गोळा करायचे, तर नकाशावर ते 12 किलोच्या रेघेवर वाचावे लागतात, कारण नकाशा सपाटीच्या हवेवर काढलेला असतो.

मुंबईच्या हवेत 220 एचपीला 2554 पुरला असता. डेन्व्हरला तो उजव्या काठावर जातो, शाफ्ट मर्यादेबाहेर पळतो. तिथे 2560 हवा. एक माप मोठा घ्यायला कारण सापडलं, पण ते हवेने दिलं, हौसेने नव्हे.

*

टर्बाइनच्या घराचं एक माप असतं, ए/आर. लहान ए/आर म्हणजे बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबल्यासारखं: झोत जोरात, पंखा लवकर पळतो, पण वरच्या आरपीएमला धूर तुंबतो. मोठ्या ए/आरचं उलट. घाटरस्त्याला लहानाकडे झुकावं, रेसट्रॅकला मोठ्याकडे.

*

इंजिन कोण मोडतं? एचपी नव्हे, टॉर्क. मियाटाच्या मूळ कनेक्टिंग रॉडवर अडीचशे एचपीच्या पलीकडे भरवसा ठेवू नये, हा या गाड्या वर्षानुवर्षं बांधणाऱ्यांचा अनुभव. त्यातही रॉड वाकतो तो तीन-साडेतीन हजारांवर एकदम पूर्ण बूस्ट दिला तर. म्हणून फार लहान टर्बोही धोक्याचा. खालच्या आरपीएमला ईसीयूतून बूस्ट थोडा आवरून ठेवायचा. जुना पाच गिअरचा बॉक्सही यात नाजूकच.

माझदाने स्वतः 2004-05 मध्ये याच घराण्यातल्या 1.8 लिटर इंजिनाला टर्बो लावून माझदास्पीड मियाटा विकली, आणि ती 178 एचपीवर थांबली. सोबत सहा गिअरचा बॉक्स आणि दमदार क्लच दिला. ज्यांना वॉरंटी द्यायची होती त्यांनी कुठे हात आवरला, ते पाहावं.

*

220 एचपीला ताशी सुमारे 60 किलो पेट्रोल लागतं. चार इंजेक्टरमध्ये वाटलं आणि ते ऐंशी टक्क्यांपर्यंतच उघडे ठेवायचे ठरवलं, तर प्रत्येकी मिनिटाला 420 ते 430 सीसीचे हवेत. मूळचे एवढं देत नाहीत. इंजेक्टर, पंप, ईसीयूचं ट्यूनिंग आणि वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हे टर्बोच्याच किमतीत धरावेत. बूस्टमध्ये मिश्रण पातळ झालं की पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात.

1962 ची ओल्ड्समोबाइल जेटफायर आठवावी. कॉम्प्रेशन 10.25, वर टर्बो, आणि नॉकिंग टाळायला पाणी आणि मेथेनॉलचं मिश्रण फवारायचं. लोक ती टाकी भरायला विसरत. पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून दिले. मालकाने रोज आठवण ठेवण्यावर जे सुरक्षितपण अवलंबून आहे, ते टिकत नाही.

*

माझी चूक लिहून ठेवतो. एका ट्रकला नवा टर्बो बसवला, पंधरा दिवसांत तेल गळायला लागलं. दुसरा बसवला, तोही गळाला. मी टर्बोला दोष देत राहिलो. शेवटी गाडीखाली शिरून पाहिलं, तर तेल परत जाण्याची नळी मीच घाईत वळवून बसवली होती आणि मध्ये पोट सुटलं होतं. परतीच्या तेलाला मागून दाब नसतो, ते उतारानेच जातं. नळी जाड हवी, सरळ खाली जाणारी हवी. बॉल बेअरिंग असेल तर आत येणाऱ्या तेलाला रिस्ट्रिक्टरही हवा. त्या मालकाला मी दोन्ही वेळची मजुरी परत दिली.

*

अमेरिकेत गाडीची प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा काढणं कायद्याने मना आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर राहिला पाहिजे, हे भाच्याला बजावलं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे: नोंदणीच्या कागदावर कारखान्याने दिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा बोनेट उघडून पाहते. आपल्या हौसेची किंमत रस्त्यावरच्या परक्या माणसाने मोजू नये.

*

भाच्याने ठरवलं: जीटी2560आर, मोठा इंटरकूलर, 430 सीसीचे इंजेक्टर, पहिले सहा महिने फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगचा बूस्ट. 3076 चा विषय त्याने स्वतःच सोडला, नकाशावर बिंदू मांडल्यावर. मला त्याचा फार आनंद झाला.

टर्बो बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाला सांगणं एवढंच. दुकानात जाण्याआधी चार आकडे लिहून काढा: किती एचपी हवेत, कोणत्या आरपीएमला हवेत, गाडी किती उंचीवर चालणार, आणि गाडीतला सर्वांत कच्चा भाग किती सोसतो. त्या चारांत बसणारा सर्वांत लहान टर्बो घ्या. चारांतला एकही आकडा लिहिता येत नसेल, तर पैसे अजून खिशातच राहू द्या.