उंचवट्यांची राखण

समुद्राकाठच्या जुन्या गोल्फ मैदानावर सपाट जागा शोधावी लागते. स्कॉटलंडच्या फाइफ किनाऱ्यावरच्या एका मैदानात मी ग्रीनकीपर आहे. गवत कापणं, वाळू पसरणं, बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडा बांधणं आणि होलची जागा बदलत राहणं हे माझं काम. इथला फेअरवे, म्हणजे झेंड्याकडे नेणारा कापलेल्या गवताचा पट्टा, कुठे गुडघाभर वर आलेला, कुठे कमरेइतका खचलेला. ग्रीनवरही, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावरही, तीच तऱ्हा. यातला बहुतेक चढउतार कुणी कागदावर आखलेला नाही. तो राखणं मात्र फार कठीण आहे, कारण आमच्या शेडमधलं जवळजवळ प्रत्येक यंत्र सपाट जमीन गृहीत धरून बनवलेलं आहे.

ही जमीन घडली ती बर्फामुळे. हिमयुग सरलं, जमिनीवरचं बर्फाचं ओझं उतरलं, स्कॉटलंडचा किनारा हळूहळू वर उचलला गेला आणि समुद्र मागे हटला. उघड्या पडलेल्या वाळूचे वाऱ्याने ढीग घातले. मॅरम गवताने मुळांनी ती वाळू धरून ठेवली, आणि मागच्या, थोड्या स्थिरावलेल्या भागात फेस्क्यूसारखं बारीक, काटक गवत आलं. अशा वाळवंटीत पीक निघत नाही, म्हणून नांगर कधी फिरला नाही. मेंढ्या चरल्या, सशांनी गवत कुरतडून आखूड ठेवलं. 1552 साली आर्चबिशप हॅमिल्टन यांना इथल्या सेंट अँड्र्यूज गावच्या किनारपट्टीत ससे सोडायचे होते. त्याबाबतच्या सनदेत गावकऱ्यांचा तिथे गोल्फ आणि इतर खेळ खेळण्याचा हक्क नोंदला गेला. खेळ आला तेव्हा मैदान असं तयारच होतं. माणसाने फक्त भोकं पाडली.

मी वाईकडची, शेतकऱ्याच्या घरातली, आणि शिक्षणही शेतीचंच. आमच्याकडे जमीन हाताशी आली की पहिलं काम सपाटीकरण. पाटाचं पाणी प्रत्येक सरीला सारखं पोचायचं तर उंचवटा खणून खळगा भरावाच लागतो. पिकाला सारखेपणा लागतो, त्यात वावगं काही नाही. पण खेळाला सारखेपणा लागत नाही. सपाट मैदानात दोघांचे चेंडू चार हातांच्या अंतराने पडले, तर दोघांपुढचा प्रश्न एकच असतो. इथे त्या चार हातांत एकाचा चेंडू पायांच्या वर राहतो, दुसऱ्याचा खाली. एकाला झेंडा दिसतो, दुसऱ्यासमोर नुसता गवताचा माथा. त्यात वारा. चेंडू उंच उडवला की तो वाऱ्याच्या ताब्यात गेला, म्हणून जाणती मंडळी तो ठेंगणा मारतात, ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे टेकवतात आणि पुढचं काम जमिनीवर सोपवतात. असा फटका मारायचा तर जमिनीचा चढउतार मनात उतरलेला असावा लागतो. मला गोल्फची सगळ्यात मोठी गंमत इथेच वाटते.

सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स रविवारी बंद असतो. त्या दिवशी तो गावाची बाग होतो. लोक कुत्री घेऊन फिरतात, मुलं धावतात. मी सुट्टीच्या रविवारी तिथे जाते ते ग्रीन बघायला. अठरा होल्सपैकी चौदांना मिळून सातच ग्रीन्स आहेत. जाताना एक झेंडा, परतताना त्याच ग्रीनवर दुसरा, आणि त्या जोडीच्या क्रमांकांची बेरीज दर वेळी अठरा. दुसरं नि सोळावं, तिसरं नि पंधरावं, असं. पाचव्या-तेराव्याचं एकच ग्रीन 35 गुंठ्यांच्या आसपास भरतं. त्यावर उभं राहिलं की समोरचा झेंडा कधी कधी अर्धाच दिसतो. अठराव्या ग्रीनच्या पुढ्यात एक खोल खळगा आहे, त्याला ‘व्हॅली ऑफ सिन’ म्हणतात. 1995 च्या ‘ओपन’ स्पर्धेत कोस्तान्तिनो रोक्का यांचा चेंडू त्या खळग्यात अडकला होता. तिथून त्यांनी पटरने, म्हणजे चेंडू जमिनीवरून घरंगळवायच्या काठीने, मारलेला चेंडू चढ चढून, लांबचं अंतर कापून थेट होलमध्ये गेला आणि जॉन डेली यांच्याशी बरोबरी झाली. पुढे जादा होल्सवर डेली जिंकले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो फटका. सपाट ग्रीनवर तो फटका घडलाच नसता.

तिथेच शेजारी नुसत्या पटिंगचं एक मैदान आहे. त्याला ‘हिमालयाज’ म्हणतात. 1867 साली गावातल्या बायकांनी आपला पटिंग क्लब काढला, त्याचंच हे मैदान. पूर्ण ताकदीने, खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणं त्या काळी बाईला शोभत नाही असं मानत, म्हणून त्यांच्या वाट्याला छोटा फटका आला. तो त्या इतक्या निगुतीने खेळल्या की क्लब आजही चालू आहे, आणि थोडे पैसे भरून कुणालाही तिथे खेळता येतं. आई माझ्याकडे आली होती तेव्हा तिला मी तिथे नेलं. तिने आयुष्यात पटर हातात धरला नव्हता. टेकड्याटेकड्यांच्या त्या गवताकडे ती बराच वेळ बघत राहिली. मी उतार समजावून सांगू लागले तशी म्हणाली, ‘‘थांब गं. इथं पाणी सोडलं तर कुठनं जाईल, तेवढं बघू दे.’’ मग तिने होलकडे पाठ केल्यासारखा, भलत्याच बाजूला चेंडू ढकलला आणि तो वळसा घेत होलच्या वीतभर अंतरावर येऊन थांबला.

ग्रीन वाचायची यापेक्षा चांगली रीत मला ठाऊक नाही. होलची जागा निवडताना मीही तेच करते. मुसळधार पाऊस पडतो तेव्हा इतर लोक आत पळतात आणि मी रेनकोट चढवून बाहेर पडते. पाणी कुठून निघतं, कुठे दोन ओघ एकत्र येतात, कुठे घटकाभर रेंगाळतं हे तेव्हा डोळ्यांना दिसतं. जिथे ते रेंगाळतं तिथे चेंडूही थांबेल.

राखण म्हणजे काय, तेही सांगते. यंत्राचं पातं उंचवट्याच्या माथ्याला खरवडतं आणि टक्कल पाडतं. म्हणून तिथे दिशा बदलून, तिरकं कापावं लागतं. माथा आधी वाळतो. वाळलेली वाळू मग पाणी पीतच नाही, थेंब वरून घसरून जातात. तिथे हाताने, नळीने, थोडं थोडं पाणी मुरवावं लागतं. फवारे सोडून सगळीकडे सारखं पाणी दिलं तर खळग्यात दलदल होते. खत आणि पाणी सढळ झालं की फेस्क्यू मागे पडतं आणि मऊ, उथळ मुळांचं पोआ गवत शिरकाव करतं. मऊ गवतावर चेंडू घरंगळत नाही, रुततो. म्हणजे उंचवटे जागच्या जागी असूनही खेळातून नाहीसे होतात. फेअरवेच्या खळग्यांत चेंडू गोळा होतात, साहजिकच फटक्यांचे घावही तिथेच पडतात. ते वाळू आणि बी मिसळून भरायचे. ओल्ड कोर्सवर हिवाळ्यात फेअरवेवरचा चेंडू छोट्या चटईवर ठेवून मारायला लावतात, ते याच कारणासाठी.

पण उंचवट्यांना खरा धोका ग्रीनवरच्या वेगाचा. 1935 ची यूएस ओपन ओकमाँटला झाली. तिथली निसरडी ग्रीन्स पाहून मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड स्टिम्पसन यांनी ग्रीनचा वेग मोजायची एक पट्टी बनवली. पट्टी तिरकी उचलायची, खाचेतला चेंडू सुटतो, तो किती फूट गेला ते मोजायचं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत मोजणी झाली तेव्हा सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आता मोठ्या स्पर्धांत अकरा-बारा फूट ही नवलाई राहिलेली नाही, आणि टीव्हीवर ते बघून प्रत्येक क्लबच्या सभासदांना तेच हवं असतं. वेग वाढला की ज्या उतारावर चेंडू पूर्वी थांबायचा त्यावर तो थांबत नाही. मग तिथे होल पाडता येत नाही. आणि मग कुणीतरी म्हणतं, उतारच कमी करू.

ओल्ड कोर्सच्या अकराव्या होलचं हेच झालं. तिथलं ग्रीन मागून पुढे चांगलंच उतरतं. 1921 साली गोल्फपटू बॉबी जोन्स तिथल्या बंकरमध्ये अडकले आणि त्यांनी चिडून स्पर्धाच सोडली. पुढे 1927 साली ते त्याच मैदानावर ओपन जिंकले आणि 1958 साली गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. इतकं प्रेम त्या चढउतारांनी जडवलं. 2015 च्या ओपनच्या तयारीत त्या ग्रीनचा मागचा डावा भाग उतरवण्यात आला, होलला अधिक जागा मिळाव्यात म्हणून. तरीही प्रत्यक्ष स्पर्धेत शनिवारी वाऱ्याने ग्रीनवर थांबलेले चेंडू हलू लागले, खेळ दहा तासांहून अधिक काळ खोळंबला आणि निकाल सोमवारी लागला. माझं मत स्पष्ट आहे. जमीन खरवडण्याऐवजी गवत जरा वाढू द्यायला हवं होतं. कमी केलेला वेग दुसऱ्या दिवशी परत वाढवता येतो. उतरवलेला चढ कुणी कितीही मोजमापं घेऊन पुन्हा रचला तरी तो वाऱ्याने रचलेला नसतो.

हळू ग्रीनवर जगणारी मैदानं अजून आहेत. स्कॉटलंडच्या साउथ यूइस्ट बेटावर ओल्ड टॉम मॉरिस यांनी 1891 साली अस्कर्निश इथे मैदान आखलं होतं. काळाच्या ओघात त्यातला बराच भाग गवताखाली हरवला. तो पुन्हा शोधून, माती न हलवता, फक्त कापून खेळता केला आणि 2008 साली मैदान नव्याने उघडलं. हिवाळ्यात तिथे गाईगुरं चरतात. तिथल्या काही ग्रीन्सवर चेंडू एवढा वळतो की पाहुणे आधी गोंधळतात आणि तासाभराने खूश होतात.

आणि हे चढउतार संपलेले नाहीत, अजून घडत आहेत. बंकरमधून चेंडू काढताना मूठभर वाळू उडते आणि ग्रीनच्या कडेवर पडते. गवत तिला पोटात घेऊन वर येतं. अशी वर्षानुवर्षं भर पडून कड उंचावते. आमच्या सातव्या ग्रीनची बंकरलगतची कड अशीच चढली आहे आणि तिच्यावरून चेंडू घसरतो अशी काही सभासदांची तक्रार आहे. ती कापून सरळ करावी, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. मी लेखी कळवलं आहे की कड जशी आहे तशी ठेवावी. त्या बाजूला होल कडेपासून चार पावलं आत पाडू, आणि उन्हाळ्यात पातं अर्ध्या मिलिमीटरने वर घेऊ. बैठकीच्या आधी समितीतल्या सगळ्यांनी पावसात एकदा माझ्याबरोबर सातव्या ग्रीनवर यावं, अशी विनंतीही शेवटी जोडली आहे.