खंडोबाच्या देवळातला योग

शिर्डी

चि. छोटीस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात आसनं छान होतात, शवासनातून उठलं की मन हलकं असतं, आणि घरी सासूबाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला की सगळं ओसरतं. म्हणून नोकरी सोडून काही महिने आश्रमात राहावं असं तुझ्या मनात आलंय. जा किंवा जाऊ नको, हे मी सांगणार नाही. पण ठरवण्याआधी साकुरीच्या उपासनी महाराजांची हकीगत नीट ऐक. लहानपणी तुला तिथे नेलं होतं, तेव्हा तुझं सगळं लक्ष बाहेरच्या पेरूंवर होतं.

काशिनाथ गोविंद उपासनी, जन्म १८७० चा, सटाण्याचा. विशीच्या आतबाहेर घर सोडून नाशिकजवळच्या भोरगडावर गुहेत जाऊन बसले. पुढे संसार केला, वैद्यकी केली, पैसा आला आणि गेलाही. मग ओंकारेश्वराकडे असताना प्राणायाम करता करता त्यांचा श्वासच बिघडला. जो श्वास आपण न सांगता घेतो, तो घेण्याचे कष्ट पडू लागले. उपाय शोधत फिरले आणि १९११ साली शिर्डीत आले. साईबाबांनी त्यांना नवी क्रिया दिली नाही. गावाच्या कडेला खंडोबाच्या देवळात चार वर्षं राहायला सांगितलं, बस. तेव्हा तिथे वस्ती नव्हती, विंचूकाट्याची जागा होती. एवढ्या मोठ्या साधकाला काही न करता राहायला सांगणं किती कठीण, याचा मी पुष्कळदा विचार करते.

त्या दिवसांतली गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. उपासनी देवळात स्वयंपाक करून भर उन्हात द्वारकामाईत, म्हणजे बाबांच्या मशिदीत, नैवेद्य घेऊन जात. एकदा रांधताना एक काळं कुत्रं आशेनं बघत उभं होतं. आधी गुरूला, मग इतरांना, म्हणून त्यांनी त्याला काही घातलं नाही. मशिदीत पोचल्यावर बाबा म्हणाले, मी तिथेच होतो, इतक्या उन्हात कशाला आलास? भोरगडाची गुहा, ओंकारेश्वरचा प्राणायाम, सगळं झालेल्या माणसाची परीक्षा चुलीपाशी झाली, तीही भुकेल्या कुत्र्यासमोर. तुझी सासूबाईंसमोर होतेय. मला यात वेगळं काही दिसत नाही.

पतंजलींनी आठ अंगं सांगितली, त्यांत आसन तिसरं. आधी यम आणि नियम. आणि यमांतही सगळ्यांत आधी अहिंसा. आपण आसनापासून सुरुवात करतो, कारण शरीर हाताशी असतं आणि शिकवणाऱ्याला दिसतं. त्यात काही वाईट नाही. पण पहिली पायरी मागाहून बघू म्हणून ठेवली की ती तशीच राहते. चटई गुंडाळल्यावर जो दिवस उरतो, तो सगळा यमांचा आहे. आवाज चढवून दिलेलं उत्तर कोणाला लागतं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

म्हणून करून बघायला एकच गोष्ट सांगते. उत्तर देण्याआधी श्वास पूर्ण बाहेर जाऊ दे. घेण्याची घाई नको, तो आपोआप आत येतो. श्वास सावकाश सोडताना हृदयाचे ठोके थोडे संथ होतात, आवाजही खाली येतो. गुरुवारी पालखीच्या गर्दीत, दहा हात एकदम पुढे आलेले असताना मी आपल्या हारांच्या दुकानात हेच करते. ‘अहो, लवकर द्या’ म्हणणारा माणूस रात्रभर गाडीत बसून आलेला असतो, हे मग मला दिसतं. श्वास कोंडून धरण्याचे प्रकार मात्र मोबाईलवर बघून करू नकोस. जाणत्या माणसासमोरच कर. उपासनींचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

साईसच्चरितात आणखी एक योगाभ्यासी भेटतो. नानासाहेब चांदोरकर या बाबांच्या भक्ताबरोबर आलेला, पातंजल सूत्रं वाचलेला, पण क्षणभरही समाधी न लागलेला. बाबा शिळ्या भाकरीबरोबर कांदा खात होते. हा माझी अडचण काय सोडवणार, असं त्याच्या मनात आलं. बाबांनी ते ओळखलं आणि नानांना म्हणाले, कांदा पचवण्याची ताकद असेल त्यानं तो खावा. मला वाटतं, त्या माणसाची अडचण त्या एका क्षणात उघडी पडली. ताटात काय आहे ते त्याला दिसलं, जेवणारा दिसला नाही. तुमच्या वर्गात कोण दूध सोडतं, कोण कांदा सोडतं, त्याची चर्चा चालते असं तू लिहिलंस, म्हणून हे आठवलं. खाणं, झोप, काम बेतानं असावं हे गीतेच्या सहाव्या अध्यायातच आहे, आणि त्यावरच्या ओव्या ज्ञानेश्वरांनी आपल्याच जिल्ह्यात, नेवाशात सांगितल्या, १२९० साली. एवढं बेताचं जेवण पुरे.

सासूबाईंना सकाळी खुर्चीवर बसवून हात वर करणं, मान फिरवणं, एवढं तुझ्याबरोबर करायला लाव. अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, दोर, उशा वापरून आजारी माणसांनाही आसनं करायला लावली. त्यांची संस्था तुमच्या पुण्यातच आहे. त्या निमित्तानं दोघी रोज थोडा वेळ शेजारी बसाल.

दिवाळीच्या सुट्टीत ये. गुरुवार, रविवार सोडून ये, म्हणजे मला दुकानातून उठता येईल. दुपारच्या आरतीनंतर साकुरीला जाऊ, आणि सासूबाईंनाही आण. खालची खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवते, जिने चढायला नकोत.

तुझी,
आत्या